पुसायचं नाही, टिपायचं

लग्नाला मुहूर्त दोन असतात. एक पंचांगातला, तो पत्रिकेत छापून सगळ्यांना कळवतात. दुसरा मेकअप करणारी ठरवते आणि तो फक्त नवरीला आणि तिच्या आईला ठाऊक असतो. गुरुजी ग्रहताऱ्यांवरून पुढे मोजत येतात, ही मुहूर्तावरून मागे मोजत जाते. बाराला अंतरपाट, म्हणजे अकराला गौरीहर. म्हणजे साडेदहाला शालू नेसून, नथ घालून तयार. त्याआधी केसांना एक तास, चेहऱ्याला दोन, फोटोग्राफर मधे मधे खाईल तो अर्धा तास वेगळा. त्यात न्हाणं, केस वाळवणं, शालू नेसणं आणि दागिने मिळवत, असं मोजत मोजत ती पहाटे चारपर्यंत येऊन थांबते. आदल्या रात्री सीमांतपूजन, व्याह्यांची जेवणं आणि मेंदी बघायला येणाऱ्या मैत्रिणी उरकून नवरी एकला आडवी झालेली असते. म्हणजे ज्या दिवशी तिने आयुष्यात सर्वांत ताजंतवानं दिसायचं, त्या दिवशी तिची झोप तीन तासांची. उरलेली झोप डोळ्यांखाली कन्सीलरने भरून काढायची, असा एकंदर हिशेब आहे.

भाचीच्या लग्नाच्या महिनाभर आधी मेकअपची ट्रायल झाली. आमच्या वेळी ट्रायल फक्त ब्लाउजची असे, तीही शिंप्याला सवड झाली तर. ही चेहऱ्याची होती. सांगलीत एका दुमजली इमारतीत, खाली औषधांचं दुकान आणि वर हे सौंदर्याचं. मेकअप करणारी मुलगी भाचीपेक्षा थोडीशीच मोठी असेल, पण हाताखालच्या पोरी तिला मॅडम म्हणत होत्या, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मॅडमनी भाचीचं मनगट खिडकीच्या उजेडात धरलं आणि आतल्या शिरा न्याहाळल्या. शिरा हिरवट दिसल्या तर कातडीचा आतला सूर उबदार, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर थंड, आणि नक्की काहीच ठरेना तर मधला. भाचीचं नक्की काहीच ठरेना. बहिणीने मान हलवली. ही मुलगी लहानपणापासून अशीच आहे, असं तिला म्हणायचं असावं. मग भाचीच्या जबड्याच्या कडेला तीन पट्टे ओढले गेले, घर रंगवण्याआधी रंगारी भिंतीवर नमुने मारतो तसे, आणि आम्ही मागे सरून, डोळे बारीक करून त्यांच्याकडे बघत राहिलो. मॅडमनी दिवे घालवून फ्लॅशने एक फोटोही काढला. काही क्रीमांतलं झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायॉक्साइड फ्लॅशचा उजेड परत फेकतं आणि फोटोत चेहरा मानेपासून वेगळा, पांढुरका तरंगताना दिसतो, असं त्यांनी समजावलं. शेवटी तिघांतला जो पट्टा कातडीत मिसळून दिसेनासा झाला, तोच आपला, असा निकाल लागला. मला हे फार आवडलं. एवढा विचार करून, एवढे पैसे मोजून निवडायचं काय, तर जे लावल्यावर दिसणार नाही ते.

माझ्या तरुणपणी स्थळांच्या जाहिरातींत मुलीच्या कातडीला चारच रंग होते: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. काळी कुणीच नसे. सावळीच्या मागोमाग 'पण' यायचं. सावळी पण नाकीडोळी नीटस, सावळी पण पदवीधर. निमगोरी म्हणजे तहाचा मसुदा. निम्मी मुलीच्या आईची आशा आणि निम्मी मुलाकडच्यांची शंका. आमची आत्या सावळी होती. तिला बघायला येणाऱ्यांना आजोबा हटकून दिवेलागणीची वेळ देत, कारण ओसरीवरच्या पिवळ्या बल्बखाली ती गव्हाळ दिसे. कन्सीलर ही वस्तू आमच्या घरात कुणी पाहिलेली नव्हती, पण विद्या आजोबांना येत होती. पुढे काळ बदलला. २०१७ साली रिहाना नावाच्या गायिकेने फाउंडेशनच्या एकदम चाळीस छटा बाजारात मांडल्या आणि इतर कंपन्यांनाही आपापल्या बाटल्यांची रांग लांबवावी लागली. आपल्याकडे १९७५ पासून नळीत भरून गोरेपणा विकणाऱ्या क्रीमने २०२० मध्ये नावातला 'फेअर' गाळून टाकला. मॅडमच्या पेटीतल्या बाटल्यांवर मध होता, बदाम होता, दालचिनी होती; एकंदरीत मिठाईच्या दुकानात आल्यासारखं वाटत होतं. मी त्या बाटल्या एकेक करून फिरवून पाहिल्या. 'पण' कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. आत्याला दाखवायला हवी होती ती पेटी.

आत्या नटली ती वाईच्या आमच्या वाड्यात, माजघरात, पाटावर बसून. मेकअप करणारी वेगळी कुणी नव्हती. आळीत ज्या बाईचा हात रांगोळीला चांगला, तिलाच नवरी नटवायला बोलावत. सामान एका ताटात मावत होतं: अफगाण स्नोची बाटली, पावडरचा डबा, कुंकवाखाली लावायचं मेण, पिंजर, आणि तुपात खललेलं घरचं काजळ. ते स्नो मुंबईच्या पाटणवालांचं. अफगाणिस्तानच्या राजाने ती पांढरीशुभ्र बाटली उघडून पाहिली आणि त्याला आपल्या देशातलं बर्फ आठवलं, म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. त्या राजाला कल्पनाही नसेल की त्याच्या डोंगरावरचं बर्फ वैशाखातल्या वाईत, पंखा नसलेल्या माजघरात, एका घामेजलेल्या सावळ्या मुलीच्या गालांवर येऊन पडणार आहे. ते टिकलं किती, हा प्रश्न वेगळा. गौरीहरापाशी बसेपर्यंत अर्धं ओघळलं, होमाच्या धुराने उरलेलं नेलं. कुंकवाचं मेण तेवढं पक्कं बसलं होतं. आळीतल्या त्या काकूंनी करंगळीच्या टोकाने श्वास रोखून असं काही गोल मेण लावलं होतं, की वरची पिंजर उगवत्या सूर्यासारखी लालभडक दिसत होती. आत्याच्या लग्नाचा अल्बम कृष्णधवल आहे. त्यात ते कुंकू काळं उमटलंय.

लिपस्टिक आमच्या घरात बरीच उशिरा आली, आणि आली ती लॅक्मेची. टाटांनी १९५२ साली ही कंपनी काढली आणि तिला नाव दिलं एका फ्रेंच ऑपेराचं. लेओ देलीब या संगीतकाराचा तो ऑपेरा १८८३ सालचा. त्याची नायिका लॅक्मे ही हिंदुस्थानातल्या एका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. ती एका इंग्रज अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, आणि तो आपल्याजवळ राहणार नाही हे ओळखून शेवटी धोतऱ्याचं पान खाऊन मरते. म्हणजे लग्नाच्या खरेदीच्या यादीत आयाबायांनी वर्षानुवर्षं हौसेने लिहिलेलं हे नाव, बोहल्यापर्यंत न पोहोचलेल्या मुलीचं. आमच्या आईला हे वेळीच कळलं असतं तर घरातल्या एकाही लग्नात ती लिपस्टिक फिरकली नसती. आता कळून काही उपयोग नाही. तीन लग्नं तिच्यावर सुरळीत पार पडली आहेत.

हळदीचा प्रश्न याहून बिकट निघाला. मॅडमनी भाचीच्या फोनवर सूचना पाठवली होती: हळद चेहऱ्याला टेकवल्यासारखी करावी, पिवळेपणा राहिला तर दुसऱ्या दिवशी बेसचं गणित चुकतं. ही सूचना हळदीच्या सकाळी जमलेल्या सवाष्णींना वाचून दाखवली गेली. सगळ्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. मग त्यांनी आंब्याची पानं बुडवली, ती बाजूला ठेवली आणि सरळ हातांनी हळद लावली. पहिलीने गालाला लावली म्हणून दुसरीने कपाळाला, तिसरीला मोकळी जागा दिसेना म्हणून तिने पहिलीने रंगवलेल्याच गालावर दुसरा थर दिला. लग्नघरात एखादी बाई हळदीचा हात आखडता घेईल, ही अपेक्षा सूचना देणारीच्या कोवळ्या वयाला शोभण्यासारखी होती. भाची पिवळीधमक होऊन उठली आणि न्हाणीघरात धावली. तिथून तिची किंकाळी आली. साबण लावल्याबरोबर फेस लालसर झाला होता. आम्ही सगळ्या घाबरून दाराशी गोळा झालो. आमची आई मात्र जागची हलली नाही. "अगं, कुंकू झालं ते," ती म्हणाली. आणि खरंच होतं. हळदीतला रंग क्षाराला भेटला की तांबडा होतो, म्हणून हळदीत चुना किंवा सवागी घालून पूर्वी घरोघरी कुंकू करत. लग्नातलं आदल्या दिवशीचं पिवळं आणि दुसऱ्या दिवशीचं लाल ही एकाच कंदाची लेकरं. मॅडमच्या पेटीत एवढे रंग असताना आमच्या आईचं एका हळकुंडावर भागत आलं होतं.

तरीही चेहरा पिवळा तो पिवळाच. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. उन्हात मात्र तो टिकत नाही, हे कपडे वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. तेव्हा आईने निर्णय दिला की मुलीला गच्चीत न्या आणि उन्हात बसवा. सदऱ्यावरचा डाग जातो, तर गालावरचा का जाणार नाही? तर्कात खोट काढता येईना. उद्या जिच्या तोंडावर हजारो रुपयांचा मेकअप चढायचा होता, ती मुलगी सांगलीच्या वैशाखातल्या दुपारी गच्चीवर, वाळवणाच्या कुरडयांशेजारी, सूर्याकडे तोंड करून बसली. तेवढ्यात मॅडमचा फोन आला. मॅडमनी पंधरा दिवस उन्हात जायला बंदी केलेली होती. भाचीने खरं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. शेवटी कापसावर खोबरेल तेल घेऊन बहिणीनेच तो रंग उतरवला, कानामागे थोडा राहिला तो राहिलाच.

हे सगळं बायकांचं खातं आहे असं आपण समजतो, पण तसं म्हणायला फारशी जागा नाही. आपल्या आज्यापणज्यांनी नटण्याचे धडे घेतले ते एका पुरुषाकडून. बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, रंगमंचावर ज्या साड्या नेसत, जशी नथ घालत, जसा गजरा माळत, तसंच करायची चांगल्या घरच्या बायकांत अहमहमिका असे. त्यांची भामिनीची भूमिका बघायला माडीवर बसलेल्या बायका घरी आल्या की आरशासमोर नारायणराव राजहंस यांच्यासारखं दिसण्याचा प्रयत्न करत, आणि त्यांचे नवरे, जे खाली खुर्चीत बसून तेच नाटक बघत होते, त्यांना ते आवडे. सिनेमातही नटीचा चेहरा रंगवायचं काम पुरुषांच्या हाती होतं. मुंबईत रंगभूषाकारांच्या संघटनेकडून बाईला केस बांधायचं कार्ड मिळे, तोंड रंगवायचं मिळत नसे. चारू खुराणा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती अट घटनेशी विसंगत ठरवली नोव्हेंबर २०१४ मध्ये. दोन हजार चौदा! इकडे आमच्या वाईच्या काकूंनी कुठलंही कार्ड न घेता आळीतल्या सगळ्या मुली बोहल्यावर चढवल्या होत्या. त्यांच्यावर खटला कसा झाला नाही कोण जाणे.

लग्नाच्या दिवशी मॅडम ठरल्या वेळी आल्या. दोन मदतनीस, चाकांच्या दोन पेट्या आणि एक वर्तुळाकार दिवा. कार्यालयातली वधूपक्षाची खोली एरवी कशी असते ते आपल्याला माहीत आहे: गाद्यांची चळत, अर्धवट उघड्या बॅगा, रुखवताच्या पाट्या, हरवलेली किल्ली. त्या पसाऱ्याच्या मधोमध तो गोल दिवा लागला आणि देवघरात उजेड केल्यासारखं झालं. भाचीला 'नो मेकअप लुक' हवा होता. मेकअप केला आहे हे कळू नये, यासाठी सोळा-सतरा वस्तू एकावर एक लागतात, आणि त्यांना दोन तास. हे सगळं झाल्यावर तिची आत्या डोकावली आणि म्हणाली, "अरे, अजून सुरुवात नाही का केली?" मॅडमचा चेहरा उजळला. त्या क्षेत्रात याहून मोठी पावती नसावी.

मग फोटोग्राफर आला. त्याला मेकअप होत असतानाचे फोटो हवे होते, पण मेकअप होत असतानाचा चेहरा फोटोत चांगला दिसत नाही. म्हणून आता, सगळं संपल्यावर, मॅडमनी कोरडा ब्रश गालाजवळ नेला, लिपस्टिक ओठांपासून बोटभर अंतरावर धरली, आणि भाचीने झुकवलेल्या पापण्यांतून बघत नटण्याचा अभिनय केला. बहिणीला बोलावलं गेलं. तिने लेकीच्या गळ्यातली ठुशी काढून पुन्हा घालायची होती. "काकू, जरा गहिवरून," फोटोग्राफर म्हणाला. बहीण बिचारी गहिवरायला बघत होती, पण जमेना. पहाटे साडेचारला, न्हाऊन आलेल्या लेकीचे ओले केस पंच्याने पुसताना ती खरोखर गहिवरली होती, तेव्हा खोलीत फक्त मी आणि इस्त्रीवाला होतो.

सगळ्यात शेवटी आमची आई आली, बोटावर काजळ घेऊन. नातीला तिने खालपासून वरपर्यंत पाहिलं, समाधानाने बोटं मोडली आणि गालबोट लावायला हात पुढे केला. मॅडम पटकन मधे आल्या. "आजी, कानामागे लावू या." आईने त्यांच्याकडे पाहिलं. "कानामागे बघून कुणी दृष्ट लावतं का?" याला मॅडमकडे उत्तर नव्हतं. एवढ्या खटपटीने निष्कलंक केलेल्या चेहऱ्यावर आपणच एक डाग ठेवून द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज मला नेहमीच शहाणपणाचा वाटत आलाय. परिपूर्ण गोष्ट घरात फार वेळ राहू देऊ नये, तिच्यावर आपली काहीतरी खूण हवी. शेवटी हनुवटीच्या किंचित खाली, मान वर केली तरच दिसेल असं, तडजोडीचं बोट लागलं. फोटोत ते कुठेही दिसत नाही. दृष्टही लागली नाही, तेव्हा दोघी आपापल्या जागी बरोबर.

आता जे मला खरं सांगायचं होतं ते. मॅडमनी जाताना बहिणीच्या हातात टिश्यू पेपरची पुडी दिली आणि एकच गोष्ट बजावली: "डोळ्यांत पाणी आलं तर पुसायचं नाही, टिपायचं. टोकाने. दाबून धरायचं आणि उचलायचं." हा मस्करा पाण्याला दाद देत नाही, घासण्याला देतो. बहिणीने तो कागद घडी घालून हातात घेतला आणि स्वतःच्या मनगटावर टिपून पाहिला. या मुलीचं नाक, तोंड, गुडघे, दुधाच्या मिशा, दहावीच्या निकालाच्या दिवशीचे डोळे, हे सगळं तिने आजवर पदराने, खसाखस पुसलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्या चेहऱ्याला जपून हात लावायला शिकावं लागत होतं, आणि तेही परक्या मुलीकडून. ती कोपऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा सराव करत राहिली. पाठवणीच्या वेळी तिने बरोबर टिपलं. लेकीचे डोळे टिपले, जावयाचे टिपले, विहिणीचेही टिपले. स्वतःचे मात्र पदराने पुसले.

आणखी एक. लग्नाच्या दिवशी नवरी सबंध वेळ उभी असते, नाहीतर वाकत असते. स्वस्थ बसते ती फक्त त्या मेकअपच्या खुर्चीत. तिथे तिला कुणी नमस्कार कर म्हणत नाही, ही कोण ओळख बघू असं विचारत नाही. डोळे मिट म्हटलं की मिटायचे, वर बघ म्हटलं की छताकडे बघायचं. आमची भाची पापण्यांना रंग लागत असताना चक्क झोपली. मॅडमनी ब्रश उचलला, मदतनिसांना खुणेने गप्प केलं, आणि डोळ्यांचं काम थांबवून तेवढा वेळ केसांत पिना लावत राहिल्या. मागे मोजत आणलेल्या त्या काटेकोर हिशेबात पंधरा मिनिटांची तूट आली ती याच झोपेची, आणि गौरीहराला उशीर का झाला हे गुरुजींना आजही ठाऊक नाही.

तेव्हा एक विनंती आहे. लग्नसराईत तुम्हीही कुठल्यातरी कार्यालयात जाल, आणि वधूपक्षाची खोली बंद दिसली की दारावर थाप मारून "झालं का?" असं विचारायचा मोह तुम्हाला होईल. विचारू नका. अगदीच आत जायचं असेल तर हातात काहीतरी खायचं घेऊन जा, कारण पहाटेपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नसतं आणि हे तिच्या आईच्याही लक्षात राहिलेलं नसतं. इडली चालेल. तुकडे लहान करा, चटणी नको, आणि पन्ह्याच्या पेल्यात स्ट्रॉ घाला.